विश्लेषण : न्यूयॉर्कच्या ज्यू बेकरीत शुक्रवारी ‘चॉकलेट बाबका’साठी रांग का लागते?

दुधालोण्याचा थेंबही नाही, शनिवारी दुकान बंद, वर्षातून एकदा सलग आठ दिवस भट्टी थंड. तरीही चॉकलेटचे पीळ असलेल्या या गोड पावासाठी लोक नंबर लावून उभे राहतात. हा पाव आला कुठून, त्यात लोणी का चालत नाही आणि तो विकणाऱ्या जुन्या बेकऱ्यांपैकी काही बंद का पडल्या, हे समजून घेऊ या.

न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलीनमध्ये विल्यम्सबर्ग नावाचा भाग आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या ली अव्हेन्यूवर शुक्रवारी सकाळी गेल्यास आपण अमेरिकेत आहोत हे क्षणभर विसरायला होते. दुकानांच्या पाट्या हिब्रू लिपीत. रस्त्यावर काळे लांब कोट आणि टोप्या घातलेले पुरुष, बाबागाड्या ढकलणाऱ्या महिला. बोलणे यिडिश भाषेत, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंच्या बोलीत.

अशा रस्त्यावरची बेकरी या दिवशी सर्वात गजबजलेली असते. काउंटरमागे वेणी घातलेल्या ‘हाला’ पावांचे ढीग, बाजूला तिळाचे आणि खसखशीचे पाव, आणि काचेच्या आत लांबट साच्यात भाजलेले, वरून काळपट तपकिरी, चकाकणारे बाबका. कापलेल्या तुकड्यात चॉकलेटच्या रेघा दिसतात, लाकडातल्या गाठीसारख्या वळलेल्या. गिऱ्हाईक बोटाने दाखवते, काउंटरवरचा माणूस सुरी चालवतो, तुकडा काट्यावर जातो.

दुपार झाली की चित्र पालटते. ट्रे रिकामे होतात, फरशी पुसली जाते, शटर खाली येते. ते पुन्हा उघडते ते थेट शनिवारी रात्री किंवा रविवारी.

बाबका म्हणजे नेमके काय?

बाबका म्हणजे अंडी, साखर आणि तेल किंवा लोणी घालून मळलेल्या, यीस्टने फुगवलेल्या मैद्याचा गोड पाव. हे पीठ पातळ लाटून त्यावर चॉकलेट किंवा दालचिनी-साखरेचे सारण पसरतात, सुरळी करतात, पीळ घालतात आणि लांबट साच्यात भाजतात. दिसायला तो केकसारखा असला तरी केक फुगतो बेकिंग पावडरने, बाबका फुगतो यीस्टने. म्हणजे जातकुळी पावाची, गोडी केकची.

नावाची गंमत मराठी माणसाला विशेष वाटेल. आपल्याकडे बाबा म्हणजे वडील. पोलिश आणि इतर स्लाव भाषांत ‘बाबा’ म्हणजे म्हातारी बाई, आणि ‘बाबका’ हे त्याचे लाडाचे रूप, म्हणजे छोटी आजी. पोलंड-युक्रेन भागात ईस्टरला उंच, खाचा असलेल्या साच्यात अशाच नावाचा पाव भाजतात. त्या साच्याच्या खाचा आजीच्या घेरदार घागऱ्याच्या चुण्यांसारख्या दिसतात, म्हणून हे नाव पडले असे सांगितले जाते.

ज्यू घरांतला बाबका मात्र उंच नव्हता. शुक्रवारच्या हालासाठी पीठ मळले जायचे. त्यातले उरलेले पीठ वाया घालवण्याऐवजी लाटून, आत जॅम किंवा दालचिनी भरून, सुरळी करून हालाच्याच भट्टीत भाजायचे. म्हणजे आज महागड्या डब्यातून भेट दिला जाणारा हा पदार्थ मुळात काटकसरीतून आला.

मग चॉकलेट कधी आले?

‘पारंपरिक चॉकलेट बाबका’ या शब्दांतच एक विसंगती आहे. पूर्व युरोपातील गरीब ज्यू वस्त्यांत चॉकलेट ही रोजच्या वापरातली वस्तू नव्हती. खाद्य-इतिहासकारांच्या मते चॉकलेटचा बाबका हा बहुतांशी विसाव्या शतकाच्या मध्यातला, अमेरिकेतल्या ज्यू बेकऱ्यांत रूढ झालेला प्रकार आहे. पाव युरोपचा, सारण अमेरिकेचे.

हा प्रवास समजण्यासाठी तारखा पाहाव्या लागतात. १८८१ पासून रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले सुरू झाले. तेव्हापासून १९२४ पर्यंत पूर्व युरोपातून २० लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. त्यांतील मोठा गट न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील लोअर ईस्ट साइड या भागात दाटीवाटीने राहू लागला. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने स्थलांतरावर कडक मर्यादा आणल्या आणि हा ओघ आटला.

१९०३ मध्ये लोअर ईस्ट साइडला ब्रुकलीनशी जोडणारा विल्यम्सबर्ग पूल सुरू झाला. कोंदट चाळवजा इमारतींतून अनेक ज्यू कुटुंबे पूल ओलांडून पलीकडे गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच विल्यम्सबर्गमध्ये नाझी नरसंहारातून वाचलेले हंगेरी-रुमानियाकडचे ‘सातमार’ हसिदी ज्यू येऊन वसले. ली अव्हेन्यूवर आज दिसणारी वस्ती मुख्यत्वे त्यांची.

त्यांनी सोबत आणलेला एक पदार्थ बाबकाच्या शेजारीच मांडलेला दिसतो : ‘कोकोश’. हंगेरियन भाषेत ‘काकाओश’ म्हणजे कोको असलेला. कोकोशला पीळ नसतो. तो चपटा, घट्ट असतो आणि त्यात पावापेक्षा चॉकलेटच जास्त जाणवते. पहिल्यांदा जाणारे अनेक जण बाबका समजून कोकोश उचलतात. ओळख सोपी आहे. वरून वेणीसारखे पीळ दिसले तर बाबका, सपाट गुंडाळी दिसली तर कोकोश.

लोणी का नाही?

इथे धर्माचा नियम थेट पाककृतीत उतरतो. ज्यूंच्या ‘कोशर’ नियमांनुसार मांस आणि दुधाचे पदार्थ एकत्र शिजवायचे नाहीत, एका जेवणात खायचे नाहीत. मांस खाल्ल्यावर दूध-लोणी घेण्याआधी अनेक कुटुंबे सहा तास थांबतात. शुक्रवारी रात्रीचे साब्बाथचे जेवण साधारणपणे मांसाहारी असते. त्यानंतर गोड म्हणून लोण्याचा बाबका पानात आला, तर तो खाता येणार नाही.

त्यावर बेकऱ्यांचे उत्तर म्हणजे ‘पारवे’ बाबका. पारवे म्हणजे ज्यात मांसही नाही आणि दूधही नाही असा पदार्थ. तो कोणत्याही जेवणासोबत चालतो. त्यामुळे लोण्याऐवजी तेल किंवा मार्गरिन, दुधाऐवजी पाणी, आणि सारणात दूध नसलेली कोको पावडर किंवा गडद चॉकलेट वापरतात.

नियम एवढ्यावर थांबत नाहीत. मोठ्या प्रमाणात पीठ मळले की त्यातला एक छोटा गोळा बाजूला काढून जाळला जातो. जेरुसलेमच्या मंदिरातील पुरोहितांना द्यायच्या वाट्याची ही आठवण आहे. या वाट्याचेच नाव ‘हाला’, आणि तेच नाव पुढे पावाला पडले. अनेक कट्टर वस्त्यांत भट्टी पेटवताना किमान एका ज्यू व्यक्तीचा हात लागावा असाही दंडक असतो. दुकानात लावलेले प्रमाणपत्र हे सारे नियम पाळले जातात याची ग्वाही देते.

या नियमांचा चवीवर काय परिणाम होतो?

लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि सुमारे १६ टक्के पाणी असते. भट्टीत त्या पाण्याची वाफ होते, थर सुटे होतात, खमंग वास येतो. पण लोणी थंड झाल्यावर घट्ट होते. म्हणून लोण्याचा बाबका ताजा असताना उत्तम लागतो, फ्रिजमध्ये ठेवला की कडक होतो. तेल खोलीच्या तापमानालाही पातळच राहते. त्यामुळे तेलाचा बाबका वासाला थोडा कमी, पण दुसऱ्या दिवशीही मऊ.

साब्बाथचा विचार केला तर हा फायदा मोठा आहे. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र होईपर्यंत आग पेटवता येत नाही, स्वयंपाक करता येत नाही. शुक्रवारी सकाळी घेतलेला पाव शनिवारी दुपारच्या जेवणातही गारच खायचा असतो. नियमामुळे आलेले तेल नेमके तिथे उपयोगी पडते.

पीळ फक्त दिसण्यासाठी असतो का?

नाही. साधी सुरळी भाजली तर दोन अडचणी येतात. सारणातील ओलाव्याची वाफ होऊन चॉकलेट आणि पावामध्ये पोकळी तयार होते, आणि मधला भाग कच्चा राहतो. सुरळी उभी कापून दोन पट्ट्या केल्या आणि त्या एकमेकींभोवती फिरवल्या, की कापलेले थर वर येतात. वाफेला बाहेर पडायला वाट मिळते. प्रत्येक घासात पाव आणि चॉकलेट दोन्ही येतात.

पिठाचेही तंत्र आहे. साखर पाणी ओढून घेते, त्यामुळे गोड पिठात यीस्ट संथ काम करते. स्निग्धांश आधीच घातला तर पिठातील ग्लुटेनची जाळी नीट तयार होत नाही. म्हणून आधी पीठ चांगले मळून मग हळूहळू तेल किंवा लोणी मुरवतात. घरी करणारे बरेच जण पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. थंड पीठ पातळ लाटता येते आणि चवही वाढते. भाजायला सुमारे १७५ ते १८० अंश सेल्सियस तापमानाला पाऊण तासापर्यंत वेळ लागतो. बाहेर काढल्याबरोबर वरून साखरेचा पाक लावतात. चकाकी त्याची, आणि ओलावा टिकतो तोही त्यामुळेच.

शुक्रवारीच रांग का?

साब्बाथ घड्याळावर नव्हे, सूर्यावर चालतो. घरात मेणबत्त्या सूर्यास्ताच्या साधारण १८ मिनिटे आधी लावल्या जातात. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबरात सूर्य दुपारी साडेचारच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये रात्री साडेआठच्या सुमारास. त्यामुळे हिवाळ्यात शुक्रवारी बेकरी दुपारीच बंद होते, तर उन्हाळ्यात तिला काही तास अधिक मिळतात. ज्या आठवड्यात दिवस लहान, त्या आठवड्यात तेवढीच गर्दी कमी वेळात कोंबली जाते.

नंबर घेऊन उभे राहण्याची ही पद्धत अमेरिकेच्या घराघरांत पोहोचली ती एका विनोदी मालिकेमुळे. ‘साइनफेल्ड’ या मालिकेचा ‘द डिनर पार्टी’ हा भाग ३ फेब्रुवारी १९९४ रोजी प्रसारित झाला. त्यात जेरी आणि इलेन एका मेजवानीला नेण्यासाठी बाबका घ्यायला जातात, पण नंबर घ्यायचे विसरतात. शेवटचा चॉकलेट बाबका त्यांच्या पुढचे जोडपे घेऊन जाते आणि यांना दालचिनीच्या बाबकावर समाधान मानावे लागते. ज्यू वस्तीबाहेरच्या असंख्य प्रेक्षकांनी बाबका हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

दुसरी लाट २०१३ मध्ये आली. मॅनहॅटनच्या युनियन स्क्वेअरजवळ इस्रायली बेकर उरी शेफ्ट यांची ‘ब्रेड्स बेकरी’ सुरू झाली. त्यांच्या लोणीदार बाबकात गडद चॉकलेट आणि न्यूटेला होते. ‘न्यूयॉर्क’ मासिकाने त्याच वर्षी तो शहरातील सर्वोत्तम बाबका ठरवला आणि पुढे जगभरच्या बेकऱ्यांत त्याची रूपे दिसू लागली.

पदार्थ गाजला, मग जुन्या बेकऱ्या बंद का?

खरा प्रश्न इथे आहे. बाबका प्रसिद्ध होत असतानाच्या काळात लोअर ईस्ट साइडच्या हेस्टर स्ट्रीटवरील ‘गर्टल्स’ ही जुनी बेकरी २००७ मध्ये बंद झाली. रिव्हिंग्टन स्ट्रीटवर १९२५ पासून सुरू असलेला ‘स्ट्राइट्स’चा मात्झा कारखाना २०१५ मध्ये तिथून हलला. ईस्ट व्हिलेजमधील ‘मोइशेज’ या कोशर बेकरीने २०१९ मध्ये कायमचे शटर ओढले.

गणित सोपे आणि कठोर आहे. वर्षात ५२ शनिवार. त्यात ज्यू नववर्षाचे दोन दिवस, योम किप्पूरचा एक, सुक्कोत आणि त्याला जोडून येणाऱ्या सणांचे चार, शावुओतचे दोन आणि पासोव्हरचे आठ, असे सणांचे १७ दिवस. काही सण शनिवारीच येतात हे धरले तरी कोशर बेकरी वर्षाला सुमारे ६५ दिवस बंद राहते. शिवाय बहुतेक शुक्रवार अर्धे. शहरातील इतर खाद्यदुकानांचा सर्वाधिक धंदा शनिवारी होतो, नेमका तोच दिवस हातचा जातो. भाडे मात्र ३६५ दिवसांचे द्यावे लागते.

पासोव्हरमध्ये तर फुगलेल्या धान्याचा कणही जवळ ठेवायचा नसतो. बेकरीसाठी याचा अर्थ पूर्ण बंद आणि साफसफाई. उरलेला माल त्या काळापुरता बिगरज्यू व्यक्तीला रीतसर विकला जातो आणि सण संपल्यावर परत घेतला जातो.

हा तोटा भरून काढणारी गोष्ट एकच : दर आठवड्याला न चुकता येणारे शेजारी. विल्यम्सबर्गमध्ये मोठी कुटुंबे आहेत, आणि दर शुक्रवारी प्रत्येकाला हाला आणि गोड पाव लागतो. त्यामुळे तिथल्या बेकऱ्यांना बंद दिवस परवडतात. लोअर ईस्ट साइडमधील ज्यू कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या उपनगरांत गेल्या. मागे पर्यटक उरले. पर्यटक आठवणीसाठी एक बाबका घेतो, शेजारी वर्षाला पन्नास घेतो. वाढते जागाभाडे आणि रात्रपाळीचे कष्ट पुढे नेणारे हात नसणे, ही त्यात भर.

कच्च्या मालाचा धक्काही ताजा आहे. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथले पीक खराब हवामान आणि रोगांमुळे घटल्यावर मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोकोचा भाव पहिल्यांदाच टनाला १० हजार डॉलरवर गेला. नंतर तो उतरला, पण ज्या पदार्थात पावाइतकेच चॉकलेट मोजले जाते, त्याला असा झटका आधी बसतो. दालचिनीचा बाबका या काळात बेकरीच्या गल्ल्याला बरा वाटला असेल तर नवल नाही.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

बाबका हा कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचा पदार्थ नाही. तो पूर्व युरोपीय ज्यूंचा. पण ज्या नियमाने ब्रुकलीनच्या बेकरीत लोण्याच्या जागी तेल आणले, त्याच नियमाने अलिबाग-पेणकडच्या ज्यू स्वयंपाकघरात दुधाच्या जागी नारळाचे दूध आणले. मांसाच्या जेवणानंतर चालेल असे गोड हवे, ही गरज दोन्हीकडे सारखी. ज्यू नववर्षाला बेने इस्रायली घरांत होणारा ‘चिकाचा हलवा’ गव्हाच्या चिकात नारळाचे दूध घालून करतात, तो यातूनच.

आणखी एक दुवा तेलाचा. कोकणात हा समाज तेलाच्या घाण्यावर काम करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शनिवारी बंद घाणा आणि शनिवारी बंद बेकरी, दोन्हीमागचा नियम एकच.

शाकाहारी वाचकांना बाबका चालेल का?

न्यूयॉर्क-न्यू जर्सीत राहणारे किंवा तिकडे जाणारे अनेक मराठी वाचक हा प्रश्न विचारतील. उत्तर काळजीपूर्वक वाचावे. ‘पारवे’ म्हणजे दूध आणि मांस नाही. अंडी मात्र पारवेतच मोडतात, मासेही. बाबकात अंडी असतातच असे धरून चालावे. म्हणजे अंडी न खाणाऱ्यांना तो चालणार नाही. दूध न पचणाऱ्यांसाठी मात्र पारवे बाबका हा दिलासा आहे. पाकिटावर गोलातल्या ‘यू’ खुणेपुढे ‘डी’ असेल तर तो दुधाच्या वर्गातला, ‘पारवे’ लिहिले असेल तर दूधविरहित. ॲलर्जी तीव्र असेल तर काउंटरवर विचारून घेणेच योग्य.

जायचे झाल्यास काय लक्षात ठेवाल?

मॅनहॅटनमधील डिलान्सी-एसेक्स स्थानकावरून ‘जे’ किंवा ‘एम’ गाडीने पुढचेच स्थानक मार्सी अव्हेन्यू. गाडी त्याच विल्यम्सबर्ग पुलावरून जाते, ज्याने शंभर वर्षांपूर्वी ही वस्ती पलीकडे नेली. मार्सी अव्हेन्यूहून ली अव्हेन्यू चालत काही मिनिटांवर आहे.

शनिवारी जाऊ नये, सारे बंद असते. सणांच्या तारखा आधी पाहाव्यात. गर्दी अनुभवायची असेल तर शुक्रवारी सकाळी लवकर, निवांत घ्यायचे असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी. आत शिरताच नंबरची चिठ्ठी मिळते का ते पाहावे. अनेक ठिकाणी बाबका पाउंडावर, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमच्या मापाने मिळतो, त्यामुळे पूर्ण लादी घ्यावीच लागते असे नाही. ही राहती वस्ती आहे, पर्यटनस्थळ नव्हे. साधे, अंगभर कपडे घालावेत आणि विचारल्याशिवाय कुणाचे, विशेषतः लहान मुलांचे, फोटो काढू नयेत.

घरी आणलेला बाबका फ्रीझरमध्ये चांगला टिकतो. खाण्याआधी तुकडे १५० अंशांवर पाच-सात मिनिटे गरम केले की चॉकलेट पुन्हा मऊ होते.

आणि चॉकलेटचा संपला असेल, तर दालचिनीचा घ्यावा. मालिकेने त्याला दुय्यम ठरवले खरे, पण ज्यू घरांत तो चॉकलेटच्या आधीपासून होता. उरलेल्या पिठातून आजीने केला असेल, तो बहुधा तोच.